भिकनआप्पांचा कुलूपबंद फोन

मी एका म्हाताऱ्या माणसाचा अडलेला फोन चालू करून दिला आणि त्या माणसाचं फार मोठं नुकसान केलं. त्यांचा अमेरिकेतला मुलगा दर रविवारी संध्याकाळी सात वाजता त्यांच्याशी तासभर बोलायचा. माझ्या मदतीनंतर ते बोलणं बंद पडलं. भांडण नाही, तंटा नाही. मी गणिताचा मास्तर. पंधरा आकड्यांतला एक चुकलेला आकडा मी बरोबर केला, एवढंच. सोसायटीत माझं कौतुक झालं, पेढे वाटले गेले, आणि ते पेढे अजून माझ्या घशाशी अडकलेले आहेत.

पण माझा गुन्हा कळायचा तर आधी भिकनआप्पा कळायला हवेत.

भिकनआप्पा पाटील मूळचे शिरपूरकडचे. तरुणपणी सुरतेला आले आणि नवागामच्या लूम कारखान्यांत तीस-पस्तीस वर्षं मशिनं दुरुस्त करत राहिले. आता दिंडोलीत आमच्या समोरच्याच दारात राहतात. लुमांच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे हळू बोलणं त्यांना माहीतच नाही. ते कानात काही सांगू लागले तरी खालच्या मजल्यावरचे लोक मान डोलावतात.

रोज सकाळी साडेसातला आंघोळ आणि पूजा आटोपली की आप्पा गॅलरीत यायचे. हातात योगेशनं, म्हणजे त्यांच्या मुलानं, अमेरिकेहून पाठवलेला मोठा चकचकीत फोन. गळ्यात तुळशीची माळ आणि त्याच माळेत सिम काढायची पिन. आपल्या जुन्या बटणांच्या फोनमधलं सिम काढायचं, अमेरिकन फोनमध्ये घालायचं, डोळे मिटायचे, उघडायचे. फोन सांगायचा की हे सिम इथे चालणार नाही. मग आप्पा सगळ्या सोसायटीला निकाल सांगायचे:

"आजबी नाही!"

खालून आमचे चेअरमन हसमुखभाई टॉवेलनं डोकं पुसत ओरडायचे, "काका, काले खुलशे!", म्हणजे उद्या उघडेल. शाळेची व्हॅन चालवणारा गडी त्या आरोळीवर गाडी सुरू करायचा. आप्पा चार दिवस गावाला गेले की आमच्या सोसायटीतली निम्मी मुलं उशिरा शाळेत पोहोचायची.

आतून काकूंचा आवाज यायचा, "देवले फुलं कमी नि फोनले सिम जास्त!" काकू आणि आप्पा घरात अहिराणीच बोलतात. भांडण तर अहिराणीशिवाय त्यांना रुचतच नाही.

हे कुलूप म्हणजे काय, ते मलाही आधी कळत नव्हतं. आप्पांनी समजावलं. "मास्तर, असं समजा, शेठनं लूम दिला हप्त्यानं. पण अट घातली, सूत माझंच लावायचं. दुसऱ्याचं सूत लावलं की लूम अडतो. तिकडची फोन कंपनी तसंच करते. फोन देते, पण सिम तिचंच पाहिजे. हप्ते फिटले की अर्ज करायचा, फोनचा नंबर कळवायचा, मग ती तिथूनच कुलूप काढते."

"हप्ते फिटले का?"

"केव्हाच! नुसता अर्ज बाकी."

तो अर्ज बाकी असताना आप्पांना जगातल्या सगळ्या फोनांची काळजी लागली. परदेशातून कोणीही आलं की आप्पा 'कधी आलात, कसे आहात' असलं काही विचारत नसत. पहिला प्रश्न, "कुलूप कोणाचं?" समोरचा भांबावला की त्याचा फोन हातात घ्यायचा, माळेतली पिन खुपसायची आणि तपासायचं. फोन अडला की मान हलवून म्हणायचं, "माणूस मोकळा, फोन कैदेत!" परदेशी जाणाऱ्यांचीही सुटका नव्हती. हजीऱ्याच्या कारखान्यातला आमच्या खालचा एक इंजिनिअर मस्कतला निघाला, तर आप्पा त्याच्या टॅक्सीच्या दारात उभे. "आधी फोन दाखव. तिकडचं सिम घेईल का हा?" बिचारा विमानतळावर धापा टाकत पोहोचला. पण तिथून त्यानं नव्या सिमवरून पहिला फोन आप्पांनाच केला, हेही खरं.

उधन्यात एका लग्नात तर कहर झाला. नवऱ्या मुलाचा मामेभाऊ कॅनडाहून आला होता. मंगलाष्टकं चालू, अंतरपाट धरलेला, आणि आप्पांनी त्या पाहुण्याच्या फोनमध्ये पिन खुपसली. नखाएवढं सिम टुणकन उडालं आणि शेजारच्या बाईंच्या मुठीतल्या अक्षतांत पडलं. त्याच क्षणी 'सावधान' झालं. बाईंनी मूठ मोकळी केली.

"थांबा! सिम फेकलं!" आप्पा ओरडले.

वाजंत्री थांबली. भटजी थांबले. वीस माणसं मांडवात ओणवी होऊन तांदूळ निवडू लागली. नवरीची आत्या म्हणाली, "माझ्या लग्नात मंगळसूत्र हरवलं होतं, पण इतकी शोधाशोध झाली नव्हती." शेवटी सिम सापडलं ते नवऱ्याच्या फेट्याच्या घडीत. आप्पांनी ते पुसलं आणि तिथेच आपलं भारतातलं सिम घालून तपासणी पुरी केली. मग हात वर करून जाहीर केलं, "मोकळा फोन आहे! लावा लगीन!"

असा माणूस स्वतःचा फोन मात्र उघडू शकत नव्हता. मी एकदा त्यांना पर्वत पाटियाला एका फोन दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेलो. दुकानदार म्हणाला, "काका, दहा मिनिटांत खोलून देतो, बसा." आप्पा बसायच्या ऐवजी ताडकन मागेच फिरले. "चोरवाटेनं नाही! ज्यानं कुलूप लावलं त्यानंच काढायचं!" आणि फोन छातीशी धरून रस्त्यावर आले. त्यांच्या सचोटीनं मी भारावून गेलो. वर्गात मुलांनाही हा प्रसंग सांगितला.

आता रविवार. तो फोन सिम घेत नव्हता, पण वाय-फायवर चालायचा, आणि आप्पांकडे वाय-फाय नव्हतं. म्हणून दर रविवारी सातला ते आमच्या हॉलमध्ये येऊन बसायचे. तिकडे सकाळ असायची. योगेशचा फोन यायचा तो कुलपाच्या कामासाठी. त्यानं फोनची कंपनी बदलली होती, जुनं खातं बंद झालं होतं, फोनचं खोकंही फेकून दिलं होतं. त्यामुळे अर्जात भरायचा पंधरा आकड्यांचा नंबर आप्पांनीच फोनवर बघून सांगायचा होता.

"आप्पा, वाचा. सावकाश."

"तीन... पाच... थांब, चष्मा."

चष्मा डोळ्यांवरच असायचा.

"हां. नऊ... कसा शे बेटा? पाठ दुखत होती ना?"

"बरी आहे आप्पा. पुढचा आकडा?"

"शून्य. शेक घेतला का? चार... पोरगी मराठी बोलते का घरात? बोलव बरं तिला. आठ."

नात यायची. तिला एक बडबडगीत म्हणून दाखवायचं, मग दोन आकडे. सूनबाईनं भाजी कोणती केली, मग एक आकडा. बर्फ किती पडला, गाडी सुरू होते का, मग पुन्हा, "कुठवर आलो होतो रे? पहिल्यापासून घेऊ." पंधरा आकड्यांना तास लागायचा. शेवटी योगेश नंबर भरायचा आणि म्हणायचा, "आप्पा, कंपनी म्हणते, असा फोनच नाही."

"नाही कसा? मग मी कशावर बोलतोय? विचार तिले!"

"पुन्हा चुकलाय एखादा आकडा. असं करा, फोटो काढून पाठवा."

फोटोही जायचे. आप्पांचा अंगठा, आमचा छताचा पंखा, आमच्या हिचा पाय. पण नंबरचा फोटो काही जायचा नाही. "पुढच्या रविवारी बघू," योगेश म्हणायचा. "बघू," आप्पा म्हणायचे आणि खुशीत घरी जायचे. असं जवळजवळ वर्षभर चाललं.

"आपला रविवार आहे की त्यांचा?" आमची ही मला विचारायची. मी हसून टाळायचो.

एका रविवारी आप्पा फोन आमच्याकडे चार्जिंगला लावून जेवायला गेले. मी फोन उघडला, नंबर बघितला. नुकताच त्यांच्या तोंडून ऐकलेला नंबर मी सवयीनं कागदावर टिपला होता. तो पडताळून पाहिला. अकरावा आकडा चुकलेला. तिथे दोन होता, आप्पांनी सात सांगितला होता. वर्गात चूक दिसली की लाल पेन्सिल जशी आपोआप उचलली जाते, तसा मी त्या पडद्याचा स्वच्छ फोटो काढला आणि योगेशला पाठवला. त्याचं लगेच उत्तर आलं, "थँक्यू काका! सुटलो!"

तीन-चार दिवसांनी, सकाळी साडेसातला, आप्पा गॅलरीत आले. मी मुद्दाम दारात उभा होतो. त्यांनी सिम घातलं, डोळे मिटले, उघडले. आरोळी आलीच नाही. खाली हसमुखभाई टॉवेल हातात धरून वर बघत राहिले. व्हॅनवाला बघत राहिला.

"शुं थयुं, काका?"

आप्पा फोनकडे बघत होते. शेवटी काकू बाहेर आल्या, त्यांनी फोनमध्ये डोकावलं आणि म्हणाल्या, "चालू झाला वाटतं."

मग काय विचारता! सोसायटीनं टाळ्या वाजवल्या. हसमुखभाईंनी पेढे आणले. मी छाती पुढे काढून आकड्याची हकीकत सगळ्यांना सांगितली. आप्पांनी माझ्या हातावर पेढा ठेवला आणि म्हणाले, "हुशार आहात हो, मास्तर." ते इतकं हळू म्हणाले की मला पुन्हा विचारावं लागलं.

पुढच्या रविवारी आप्पा आले नाहीत. साहजिकच होतं, आता त्यांना आमच्या वाय-फायची गरज नव्हती. आम्ही दोघं डुमसच्या समुद्रावर फिरायला गेलो, टोमॅटोची भजी खाल्ली. त्याच्या पुढच्या रविवारी नाटकाला. सकाळच्या आरोळीशिवाय आमची सोसायटी ओसाड वाटायची, पण म्हटलं, काम झालं की आरोळी कशाला?

दीडेक महिन्यानं काकू विरजण मागायला आल्या. मी उत्साहानं विचारलं, "मग काय, योगेश आता रोज दिसत असेल!"

"अंगठा दिसतो त्याचा," काकू म्हणाल्या. "हे काही पाठवतात, तो अंगठा पाठवतो. आता कधीबी बोलता येतं ना, मास्तर, म्हणून बोलणं होत नाही."

"मग आप्पांनी लावावा की फोन!"

"लावून काय बोलतील? आमच्यात बाप-लेक कामाशिवाय कधी बोललेत का? लहानपणापासून त्याला काही पाहिजे असलं तर मला सांगायचा, मी यांना सांगायची. त्या कुलपानं एक वर्ष दोघं बोलले."

मी उगाच म्हणालो, "आकडे वाचताना मात्र फार चुकायचे हो ते."

काकू म्हणाल्या, "मास्तर, कारखान्यातल्या दोनशे लुमांचे नंबर त्यांना अजून पाठ शेत. तो पंधरा आकड्यांचा नंबर तर ते डोळे मिटून सांगतील. मी एकदा रागावले, म्हटलं, पोराला कशाला दमवता, मुद्दाम चुकीचा का सांगता? तर म्हणाले, बरोबर सांगितला तर पुढच्या रविवारी काय सांगू?"

विरजणाची वाटी माझ्याच हातात राहिली. पर्वत पाटियाच्या दुकानातून आप्पा छातीशी फोन धरून का पळाले, ते मला त्या क्षणी कळलं.

त्यानंतर मी माफी मागायला तीनदा गेलो. पहिल्यांदा अर्धा किलो घारी, ही सुरतेची मिठाई, घेऊन गेलो. आप्पांनी विचारलं, "कशाबद्दल?" मी म्हणालो, "सहज." दुसऱ्यांदा हवापाण्याच्या गप्पा मारून परतलो. तिसऱ्यांदा दारात काकू भेटल्या, तर मी काकूंचीच माफी मागून आलो. काकू म्हणाल्या, "माझी कशाला? माझ्याशी योगेश बोलतो की."

शेवटी एका रविवारी बरोबर सात वाजता मी त्यांचं दार वाजवलं. आप्पा गॅलरीत खुर्चीवर बसले होते. मांडीवर फोन, त्याच्या पडद्यावर पुरं नेटवर्क.

"या, मास्तर. नेट गेलं का तुमचं?"

"नाही. आप्पा, मी योगेशला फोन लावतो. त्याला सगळं सांगतो."

"काय सांगाल? बाप वर्षभर खोटे आकडे सांगत होता?" आप्पा हसले. "नको, मास्तर. त्याला वाटेल, म्हातारा रडतोय. मग तो फोन करील, पण कीव करून करील. ती मला नको. तुम्ही कशाला मनाला लावून घेता? तुम्हाला चूक दिसली, तुम्ही बरोबर केली. तुमचा धंदाच तो. माझ्या भल्यासाठीच केलं तुम्ही."

हेच मी दोन महिने सगळ्यांना सांगत आलो होतो. आता आप्पाच ते मला सांगत होते. मान हलवून चहा पिऊन घरी येणं फार सोपं होतं.

"नाही, आप्पा," मी म्हणालो. "तुमच्या भल्यासाठी नाही केलं. दर रविवारी तुम्ही यायचात, तासभर मोठ्यानं बोलायचात, आम्हाला कुठे जाता यायचं नाही. मला तुमचा कंटाळा आला होता. तुमचं येणं थांबावं म्हणून मी तो नंबर पाठवला. मला माफ करा."