दाराकडे न बघणारे भीमरावकाका

ऑटोरिक्षाला दार नसतं. तरीही आमचे भीमरावकाका ऑटोत बसल्यावर बाजूची दांडी धरून दोनदा हलवतात आणि "लॉक्ड" म्हटल्याशिवाय ऑटोवाल्याला निघू देत नाहीत. मोटारीत तर विचारूच नका. दार लावायचं, खांद्याने ढकलायचं, मुठीने ठोकायचं आणि मग "लॉक्ड." एका लग्नात त्यांनी नवरीच्या गाडीची चारही दारं अशी ठोकून पाहिली. आत नवरी दचकून नवऱ्याच्या अंगावर गेली. मुलाकडच्यांना वाटलं, ही आमच्याकडची काहीतरी रीत असेल. त्यांनी काकांना नारळ दिला.

काका आमच्या शेजारचे. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत मराठी बोलणारी मोजकी घरं उरली आहेत, त्यांतलं एक त्यांचं. वय अठ्ठ्याहत्तर. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी एका फ्लाइंग क्लबात लहान विमानं उडवायला शिकवण्यात घालवली. बायको गेल्यापासून एकटेच असतात. मी शाळेत गणित शिकवते म्हणून मला "टीचरम्मा" म्हणतात.

मला कुतूहल वाटायचं ते वेगळ्याच गोष्टीचं. दार लावताना इतका जपणारा हा माणूस, दार उघडं पडलं की मात्र ढिम्म हलत नसे.

एकदा ते स्वयंपाकघरात कॉफी करत होते आणि मी समोर बसले होते. वाऱ्याने पुढचं दार धाडकन उघडलं आणि गल्लीतली एक शेळी आत शिरली. मी उठले तर म्हणाले, "बस." त्यांनी डिकॉक्शन ओतलं, दूध घातलं, उंचावरून धार धरून फेस आणला, दोन्ही टंबलर खाली ठेवले आणि मग शेळीकडे गेले. तोवर शेळीने कॅलेंडरचे पुढचे तीन महिने खाल्ले होते.

"काका, दार आधी लावायचं ना?"

"दाराने कोणी मरत नाही, टीचरम्मा. दाराकडे बघून मरतात."

हे वाक्य गल्लीतल्या प्रत्येकाने ऐकलं होतं. अर्थ कोणालाच ठाऊक नव्हता. कोणी म्हणे, ते एकदा विमानातून अर्धे बाहेर लोंबकळले होते. कोणी म्हणे, दारात बोटं चेंगरली होती. मी त्यांची बोटं मोजली. दहाच्या दहा होती.

थोडासा उलगडा झाला तो बसमध्ये. आम्ही एका लग्नाला कालव्याकाठच्या गावी चाललो होतो. मागचं दार मध्येच फटकन उघडलं. बायका ओरडल्या, कंडक्टर ओरडला, आणि काय झालं ते बघायला ड्रायव्हरने मान मागे वळवली. बस सरळ कालव्याच्या दिशेने निघाली. ड्रायव्हरच्या पाठीमागेच बसलेले काका शांतपणे, पण खणखणीत आवाजात म्हणाले, "मुन्नाडी पार." पुढे बघ. ड्रायव्हरने पुढे बघितलं आणि बस रस्त्यावर आली. पुढच्या थांब्यावर दार काथ्याच्या दोरीने बांधलं.

"विमानातही असंच का?" मी विचारलं.

"लहान विमानात दार कधीतरी उघडतं. नीट लागलेलं नसतं. मोठा आवाज होतो, वारा घुसतो, कागद उडतात. पण विमान उडतच राहतं. दार वीतभर उघडतं, पुढे वाराच त्याला उघडू देत नाही. आपण वेग सांभाळायचा, एक चक्कर घालायची, उतरायचं, थांबायचं आणि मग दार लावायचं."

"इतकं सोपं?"

"सोपं आहे म्हणूनच त्या क्षणी आठवत नाही," म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीला, यमुनाला, वैमानिकाच्या प्रशिक्षणाला प्रवेश मिळाला. मी पेढे घेऊन काकांकडे गेले. त्यांनी अभिनंदन केलं नाही. पेढा हातातच धरून विचारलं, "त्या विमानाचं दार कोणत्या बाजूला आहे?"

दुसऱ्या दिवसापासून आमच्या तिण्णैवर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, शिकवणी सुरू झाली. एक प्लास्टिकची खुर्ची. यमुनाच्या हातात लाटणं, ते विमानाचं दांडकं. समोरच्या भिंतीवरचं घड्याळ, तो वेगाचा काटा. काका उजवीकडे स्टुलावर बसत. मध्येच ते पंखा तिच्या तोंडावर सोडत, जुने पेपर उधळत, पळीने ताट बडवत आणि ओरडत, "दार उघडलं!" तिने मान न वळवता सेकंदकाटा वाचत राहायचं. गल्लीतली पोरं बघायला जमत. भाजीवाली तर रोज वेळ साधून येई.

पहिल्या दिवशी यमुनाने उजवीकडे बघितलं. काकांनी पंखा बंद केला.

"संपलं. ऊठ."

"काका, नुसतं बघितलं मी."

"हो. नुसतंच बघतात," म्हणाले आणि घरात गेले. दिवसभर बाहेर आले नाहीत. मला राग आला. म्हातारपणी माणूस हट्टी होतो हे ठीक, पण पोरीचा उत्साह मारायचा का?

पण दुसऱ्या दिवशी ते पुन्हा स्टुलावर येऊन बसले आणि शिकवणी महिनाभर चालली. शेवटी एकदा यमुना आमच्याकडे पाहुण्यांना रसम वाढत असताना काकांनी मागून ताट बडवलं. तिने डोळेसुद्धा हलवले नाहीत, पळीतलं रसम बरोबर भातावर पडलं. पाहुण्याच्या हातातला पापड मात्र चुरला. काका म्हणाले, "सरि, जमलं. आता जा."

यमुना गेली. काका एकदाही तिची चौकशी करत नसत. फक्त तिचा फोन आला की कुंपणापाशी येऊन उभे राहत आणि मी हसताना दिसले की परत जात.

मागच्या पावसाळ्यानंतरचा एक रविवार. दुपारी फोन आला. यमुनाचा आवाज बारीक झाला होता.

"अम्मा, आज एकटी उडले होते. वर गेल्यागेल्या दार उघडलं."

"कोठे आहेस तू?"

"खाली आहे. बरी आहे. काकांना दे."

ते कुंपणाशी उभेच होते. मी फोन त्यांच्या हातात दिला आणि स्पीकर लावला.

"वेग किती होता?" त्यांनी विचारलं. तिने आकडा सांगितला.

"बघितलंस?"

"नाही काका. कान बधिर झाले, नकाशा उडाला. पण उतरून थांबल्यावरच बघितलं."

"मग?"

"मग लावलं. मग रडले."

"ठीक केलंस," काका म्हणाले. त्यांनी फोन मला दिला आणि आमच्या तिण्णैवर खाली बसले. मी पाणी आणलं. ते प्यायले नाहीत.

"सेल्वम नावाचा पोरगा होता," ते म्हणाले. "पापनाशमचा. माझ्या हातचा सगळ्यांत चांगला. तिसऱ्यांदा एकटा उडाला तेव्हा दार उघडलं. मला खालून दिसत होतं. तो वाकला दाराकडे. विमानाचं नाक वर गेलं, एक पंख खाली गेला, आणि..." त्यांनी तळहात ओट्यावर उपडा ठेवला. "चाळीस वर्षं झाली. बाकी सगळं शिकवलं होतं त्याला, टीचरम्मा. हे शिकवलं नव्हतं. किरकोळ वाटलं मला."

मी त्यांच्या शेजारी बसले.

"हे त्याच्या घरच्यांना कधी सांगितलं नाही," ते म्हणाले. "उद्या येशील माझ्याबरोबर?"

सकाळच्या बसने आम्ही पापनाशमला गेलो. सेल्वमची आई केव्हाच गेली होती. थोरली अक्का होती, सत्तरीची. तिने काकांना लगेच ओळखलं. काकांनी उभ्यानेच सगळं सांगितलं, तमिळमध्ये, एकही शब्द न वगळता. आपली चूक, तो दिवस, आणि काल यमुनाचं दार.

अक्काने दाराची चौकट घट्ट धरली. मग म्हणाली, "त्याला घेऊन आलात तेव्हा तुम्ही घोटभर पाणीही न घेता गेलात, सार. तुम्ही तसेच गेलात याची अम्माला शेवटपर्यंत चुटपुट होती."

काकांनी मान खाली घातली.

"ती मुलगी सुखरूप आहे ना?"

"आहे."

"मग हात धुऊन या. पान मांडते."

काका मागच्या अंगणात गेले. अक्काने केळीची तीन पानं मांडली, भात आणला, सांबार आणलं. नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला. आम्ही दोघींनी त्यांना हाक मारली नाही.