कॉम्प्युटरच्या पोटातलं लग्न

"मामाजी, एसटीच्या आधी पत्रिका नाही निघाली ना, तर जन्मभर हळद लावत बसीन!"

ही प्रतिज्ञा रीनाने सानगडीत, ऐन बाजारच्या दिवशी, टेकचंदमामाच्या छपाईच्या दुकानात उभं राहून केली. का नाही करणार? अकरावी सायन्सची पोरगी! उन्हाळ्यात भंडाऱ्याला जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स करून आलेली! आणि मामाजी तिला काम कोणतं देत? छापलेल्या लग्नपत्रिकांच्या चारही कोपऱ्यांना हळद लावायचं! कॉम्प्युटरच्या खुर्चीचं नाव काढलं की म्हणत, "पयले बोटं धुवून ये."

पण परवा दुकानातला म्हातारा कॉम्प्युटर फुस्स करून मेला. गणपती, वेलबुट्टी, वळणदार अक्षरं, सगळं त्याच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये. आणि ते सॉफ्टवेअर नव्या कॉम्प्युटरवर पाऊल ठेवेना, रुसलेल्या जावयासारखं! इकडे आसगावच्या बेबीबाई भाची रंजूच्या लग्नाच्या पत्रिका न्यायला सकाळपासून ठाण मांडून बसलेल्या. संध्याकाळची एसटी गाठायची होती आणि उद्या पहिली पत्रिका देवापुढे ठेवायची होती.

"झालं तर खुर्ची तुही," मामाजी म्हणाले. "नाही तर हळदीची वाटी!"

रीना खुर्चीत बसली. जेवणापर्यंत तिने व्हर्च्युअल मशीन उभं केलंसुद्धा!

"काय करून राहिली वो बाई?" बेबीबाईंनी विचारलं.

"आत्याबाई, नव्या कॉम्प्युटरच्या आत जुना कॉम्प्युटर बसवला. खरा नाही, पण त्याले वाटते आपण खरेच आहो."

"म्हंजे पोटुशी हाय?"

"तसंच समजा!"

बेबीबाईंनी लगेच पिशवीतून कुंकू काढून पडद्याला बोट टेकवलं. मग "तिले गरम होत असन, पंखा तिच्याकडं कर," असं सांगून त्या स्वतः हवेसाठी शेजारच्या चंद्रकुमारच्या ऑनलाइन सेंटरमध्ये जाऊन बसल्या.

आतलं सॉफ्टवेअर उघडलं. अक्षरं कशी उमटतात ते पाहायला रीनाने एक खोटी पत्रिका भरली. वधूच्या जागी बोटांना सवय असलेलं नाव, चि. सौ. कां. रीना. वर, चि. टेस्ट. वराचे वडील, श्री. अबक. तारीख आजची. मुहूर्त गोरज. स्थळ समोरच्या पाटीवरून उतरवलं: टेकचंद ग्राफिक्स, सानगडी. फक्कड!

आता ही फाइल बाहेर कशी आणायची? शेअर्ड फोल्डर केलं, तर बाहेरच्या कॉम्प्युटरला आतला दिसेना, आतल्याला बाहेरचा. एका घरात अबोला धरलेल्या दोन जावाच त्या! पेनड्राइव्ह लावला, तो बाहेरच्या जावेनेच गिळला. मग रीनाने नेटवर्कची सेटिंग बदलली आणि आतल्या मशीनला सरळ वायफायवर सोडलं. वायफाय मामाजी आणि चंद्रकुमार यांचं अर्धं अर्धं. यादीत वरच प्रिंटर दिसला! तीच कंपनी, तेच मॉडेल! तिने प्रिंट दाबलं.

काहीच नाही.

पुन्हा दाबलं. पन्नास प्रती सांगितल्या. शंभर सांगितल्या! मामाजींचा प्रिंटर मख्ख. रीना मान खाली घालून पुन्हा फोल्डरच्या मागे लागली. दुपार कधी कलली, कळलंच नाही.

तिकडे चंद्रकुमारकडे सर्व्हर डाऊन, दाखल्यांसाठी ही मोठी रांग, आणि त्याच्या प्रिंटरमधून मात्र धडाधड पत्रिका!

"ह्या कोणाच्या होत?" तो ओरडला.

"आमच्याच होत, बापा!" बेबीबाईंचा चष्मा आसगावात राहिला होता, पण गणपती बरोबर ओळखला त्यांनी. "आजकाल कागद लय पातर वापरतेत. अन् दारातल्या माणसाले पत्रिका न देता कसं धाडाव?" पिशवीतली हळद काढून त्यांनी चार चार कोपरे रंगवले आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात आमंत्रण ठेवलं. "लग्नाले याच, बरं का!"

"नवरदेवाचं नाव टेस्ट?" एक फेटेवाले आजोबा म्हणाले.

"शहरातला असन," मागचा म्हणाला. "पण मुहूर्त तर आजचाच हाय! चाला, आहेर पाहू!"

दिवस मावळतीला लागला तसं मामाजींच्या दुकानासमोर माणसं जमू लागली. कोणी साडीचं पाकीट, कोणी भिंतीवरचं घड्याळ घेऊन!

"मंडप कुठं हाय?"

"जेवाले बसाचं कुठं?"

मामाजी चहाचा कप घेऊन दारात आले. तेवढ्यात गर्दी फाडत अंगणवाडीच्या सत्यभामाबाई आल्या, हातात पत्रिका, डोळ्यांत अंगार!

"लग्न थांबवा! पोरगी सोळा वर्षांची हाय! टेकचंदभाऊ, लाज नाही वाटत? नवरदेव कुठं हाय?"

"कोणता नवरदेव?" मामाजी किंचाळले.

रीनाने पत्रिका पाहिली आणि हळूच पडद्याकडे बोट दाखवलं. "बाई, तो... तो कॉम्प्युटरमध्ये आहे."

"ऑनलाइन लग्न?!"

"नाही वो, बाई," बेबीबाई मदतीला धावल्या. "कॉम्प्युटरच्या पोटात हाय. अजून बाहेर नाही आला."

सत्यभामाबाई मटकन स्टुलावर बसल्या. रीनाने घामाघूम होत पडदा सगळ्यांकडे वळवला, यादी खाली सरकवली. दुसऱ्या ओळीत मामाजींचा प्रिंटर गुमान बसला होता. वरचा चंद्रकुमारचा! खाली सरकवून पाहायचं तिला सुचलंच नव्हतं!

मग मात्र रंजूची खरी पत्रिका उघडली, दुसरी ओळ निवडली, आणि जाड कागदावर वेलबुट्टी सळसळत बाहेर आली. मामाजींनी नावं तीनदा वाचली. वऱ्हाड्यांना चहा-चिवडा देऊन हात जोडले. एसटीने हॉर्न दिला तेव्हा बेबीबाईंच्या पिशवीत शेवटचा गठ्ठा पडला.

"झालं ना, मामाजी? एसटीच्या आधी!" रीना खुर्ची पुसत म्हणाली.

मामाजींनी वऱ्हाड्यांच्या चहा-चिवड्याचं बिल तिच्यापुढे धरलं. फेटेवाल्या आजोबांनी आहेर परत घ्यायला साफ नकार दिला होता. भांड्याच्या दुकानातून मशीनने नाव कोरून आणलेली स्टीलची वाटी! मामाजींनी तीत हळद कालवली आणि रीनापुढे सरकवली.

आजही तुम्ही टेकचंद ग्राफिक्समध्ये गेलात, तर कोपऱ्यात बसलेल्या मुलीला तिच्या वाटीवर काय लिहिलंय ते विचारू नका. चमकदार अक्षरांत लिहिलंय: 'सौ. रीना टेस्ट अबक यांस सप्रेम भेट.'