हरिचंद्रचा वजनदार पेनड्राइव्ह

कल्पेशच्या थोरल्या मुलीचं, करिष्माचं, लग्न ठरलं त्या वर्षाची ही गोष्ट. तिची आजी वेणू म्हणजे बदलापूरच्या आसपासच्या गावांतली नावाजलेली धवलारीण. मांडवात बसून ती धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, गायची, तेव्हा कुठे लग्न लागायचं. पण आता तिला दम पुरेना. हे धवले दुसऱ्या कुणाला येतही नव्हते. म्हणून धाकटी नात जिज्ञासा दुपारी तिच्याजवळ बसून एकेक धवला फोनवर भरून घेत होती. हळदीला वेणूला गाता आलं नाही, तर तेच लावायचं ठरलं होतं.

धवले संपायच्या आत फोन भरला.

"आबा, पेनड्राइव्ह आणा," जिज्ञासा म्हणाली. "स्पीड बघा, जीबी बघा आणि टिकाऊ बघा."

वेणूचा नवरा हरिचंद्र रिक्षाने उल्हासनगरला, कॅम्प चारच्या बाजारात गेला. दुकानदाराने नखाएवढा पेनड्राइव्ह पुढे केला. "चाचा, ये ले जाओ. छोटा है, मगर फास्ट है, सालों चलेगा."

हरिचंद्रने तो तळहातावर उडवून पाहिला. आयुष्यभर त्याने भाताची गोणी आणि मिठाची पाटी हातानेच जोखली होती. "यो तं फुकला तरी उडंल! हलकाच माल गल्यात मारतंस?"

"चाचा, इसमें वजन नहीं देखते."

हे ऐकून तर त्याचा संशय पक्काच झाला. बाहेर हातगाडीवर लोखंडी, चांगला जड पेनड्राइव्ह मिळाला. वर लिहिलं होतं दोन हजार जीबी. एवढ्यात सगळ्या गावाची लग्नं मावली असती.

घरी त्यात धवले उतरायला फार वेळ लागला. "भरलेला बैल सावकाशच चालतं," हरिचंद्र म्हणाला. जिज्ञासाने पहिली फाइल लावून पाहिली. ती वाजली. बाकीच्यांची नावं नीट दिसत होती. तिने ताईचे फोटो काढायला फोनवरचे धवले पुसून फोन मोकळा करून टाकला.

हळदीच्या दिवशी वेणूला खरंच दम लागला. तिला खुर्चीत बसवलं आणि डीजेवाल्याने पेनड्राइव्ह लावला. एक धवला वाजेना, दुसरा वाजेना, कुठलाच वाजेना. शेवटी त्याने पहिली फाइल दाबली. ती होती चाचणीची, धवले सुरू करण्याआधी फोन नीट भरतो का ते बघताना घेतलेली. दोन्ही स्पीकरांतून वेणूचा आवाज मांडवभर घुमला:

"आवं, बाजारान जातांव तं नीट बगून आना! मागं नारल हातान जोखून आनलाव, सगलं कुजकं निंगालं. तुमचे हातान तराजू नाय, नुसता गर्व हाय!"

मांडव हसून लोळला. वेणू खोकेपर्यंत हसली. मग म्हणाली, "थांबा, मी बोलतंय," आणि तिने धवला धरला. दोन ओळींवर दम संपला. बायका पुढची ओळ यायची वाट बघत राहिल्या. ती कुणालाच येत नव्हती.

लग्न आटोपल्यावर हरिचंद्र पुन्हा कॅम्प चारला गेला. दुकानदाराने पेनड्राइव्ह उघडला. आत एक बारीकसं कार्ड होतं आणि शेजारी लोखंडाचा तुकडा चिकटवलेला.

"चाचा, मेमरी थोडीसी है. बाकी सब वजन है."

हरिचंद्रने तो नखाएवढा पेनड्राइव्ह घेतला. परतताना सारखा खिसा चाचपत होता. इतका हलका, की आहे की पडला तेच कळेना.

"वेणू, पुन्हा सांग गो सगलं," तो म्हणाला.

"आथा नाय. दम बसू दे. पावसाला सरला का सांगतंय."

"तवर यो रिकामा ठेवू?"

"ठेवा. निदान जड तं नाय."

पावसाळा सरला, भात कापून झालं. चांगल्या पेनड्राइव्हवर जिज्ञासाने ती पहिली फाइल तेवढी उतरवून ठेवली आहे. हरिचंद्र ती रोज लावतो आणि नारळ आले की जरा थांबवतो. मग पुन्हा पहिल्यापासून लावतो.

वेणू त्याच वर्षी, कार्तिकात, तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी वारली.