तातू चिंदरकराचे पाहुणे

तातू चिंदरकराला कुठल्याही शहरात नेऊन सोडा, एक चहा पिऊन होईपर्यंत तो तिथं स्वतःला एक नातेवाईक शोधून काढायचा. नातेवाईक सापडला की जेवणाची आणि झोपायची सोय झालीच. लॉज या प्रकारावर त्याचा मनापासून राग होता. "पैसे देवन परक्याच्या खाटीर निजाचा? त्यापरीस घराकच रवलेला काय वायट?" असं तो म्हणायचा. त्याच्याबरोबर आम्ही कोल्हापूर, बेळगाव, पुढे गोवा मोकळा झाल्यावर पणजी, सगळं पालथं घातलं, पण लॉजची पायरी म्हणून कधी चढलो नाही.

आम्ही म्हणजे तिघे. मी शाळामास्तर, आबा परुळेकर किराणा दुकानदार आणि वसंता सोडावाटरच्या कारखान्याचा मालक. कारखाना म्हणजे एक यंत्र, एक नळ आणि वसंता. तातूचं मालवणच्या बाजारात फोटोंना चौकटी करून देण्याचं दुकान होतं. लोकांची लग्नं, लोकांची बारशी, लोकांचे वारलेले आजोबा, सगळ्यांना तो काचेखाली नीट बसवून द्यायचा. त्याच्या स्वतःच्या घरात मात्र कोणी नव्हतं. आईबाप लहानपणीच गेले, मामानं वाढवलं, मग मामाही गेला आणि या सगळ्यात लग्न राहून गेलं. बाजारामागं तीन खोल्यांचं घर होतं, तिथं तो फक्त झोपायला जायचा.

दिवाळीची गिऱ्हाइकं ओसरली की आमची सहल निघायची. तातूच्या सामानात कपडे कमी आणि ओझं जास्त. नारळ, सोलं, खाजं, सुके बांगडे असं सगळं एका गोणपाटात बांधलेलं असायचं. एस.टी.त ते गोणपाट ठेवलं की आमच्या पुढचं आणि मागचं बाकडं आपोआप रिकामं व्हायचं. तातू म्हणायचा, "बघ, पाय लांब करूक गावले."

नातेवाईक शोधायची त्याची रीत पहिल्यांदा बघितली ती कोल्हापुरात. दिवसभर देवीचं दर्शन, रंकाळा, बाजार सगळं पायी बघून झालं. पायांचे तुकडे पडले होते. संध्याकाळी तातू एका गल्लीत शिरला आणि नाक वर करून सावकाश चालू लागला. एका दारासमोर थांबला आणि म्हणाला, "हय आपलो माणूस आसा." आत कोणीतरी सुका बांगडा भाजत होतं.

त्यानं कडी वाजवली. दार एका बाईंनी उघडलं. "वयनी, बांगडो मालवणचो मा?" तातूनं विचारलं.

"होय. तुमी कोण?"

"तां मगे ठरवया. आदी सांगा, तुमचा म्हायार खंयचा?"

बाईंचं माहेर आचऱ्याचं निघालं. आचऱ्याला तातूच्या मामाची मावसबहीण दिलेली होती, तेवढं पुरलं. त्यांचे यजमान सामंत कामावरून घरी आले तेव्हा चार अनोळखी पुरुष त्यांच्या ओळीनं मांडलेल्या पाटांवर बसून त्यांचाच भात जेवत होते. तातूनं त्यांनाही पाटावर बसवलं, तेही त्यांच्याच घरात, आणि त्यांचं मूळ गाव विचारलं. ताक-भात होईपर्यंत त्यांच्याशीही नातं लागलं. एवढंच नव्हे, तर त्या नवरा-बायकोचंच आपापसात लांबचं काहीतरी नातं निघालं. सामंत रात्री बायकोकडे जरा वेगळ्याच नजरेनं बघत होते.

फुकट जेवणारा मात्र तातू नव्हता. गोणपाट तर तो रिकामं करायचाच, शिवाय सकाळी आम्ही उठायच्या आत घरातल्या सगळ्या तसबिरी उतरवून काचा पुसायचा. वाकडी तसबीर त्याला बघवत नसे. खिशात हातोडी आणि बारीक खिळे, चुका, कायम असायच्या. सामंतांच्या वडिलांचा फोटो कैक वर्षं एका खिळ्यावर तिरका लोंबत होता. तातूनं तो सरळ केला तेव्हा सामंतांच्या म्हाताऱ्या आईनं पदराचं टोक डोळ्याला लावलं. तेव्हापासून दर वर्षी कोल्हापूरला सामंतांकडे उतरायचं हे ठरूनच गेलं.

बाजारात तातूचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याचा नियम होता की पहिल्या दिवशी फक्त भाव ऐकायचा, घ्यायचं काही नाही. "पयल्या दिसाचो भाव हो भाव नाय, ती गजाल," म्हणजे नुसत्या गप्पा, असं त्याचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी तो दुकानदाराला त्याच्या बापाचं गाव विचारायचा. एकदा बेळगावात आबाला बायकोसाठी लुगडं घ्यायचं होतं. तातूनं घासाघीस करता करता दुकानदाराशी असं नातं जुळवलं की शेवटी त्या दुकानदाराच्या मुलीला आहेर म्हणून आबाला दुसरं लुगडं घ्यावं लागलं. आबा हा आमच्यातला चिक्कू. तो सावंतवाडी येईपर्यंत कोणाशी बोलला नाही.

नात्यांचा असा उलटा झटका पणजीहून परतताना वसंतालाही बसला. आपल्याकडे तेव्हा दारूबंदी होती. वसंतानं त्याच्या मते औषधापुरती एक बाटली पांघरुणात गुंडाळून आणली होती. इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर गाडी थांबली. नाक्यावरचा शिपाई वरवर बघून सोडून देत होता. पण तातूला राहवलं नाही. "तुमी खंयचे?" त्यानं विचारलं. शिपाई तळवड्याचा निघाला, तातूच्या मामीच्या गावचा. मग काय, घरच्या माणसांनी पणजीत काय काय खरेदी केलं हे बघायला त्यानं आमची एकेक पिशवी, एकेक वळकटी प्रेमानं उघडली. वसंताचं औषध रस्त्याकडेच्या गटारात गेलं. "कायदो तो कायदो, पावण्यांनू," शिपाई म्हणाला, पण निरोप देताना वसंताच्या हातात दोन केळी ठेवली.

त्याच प्रवासात, इन्सुली सोडल्यावर, आबा सहज बोलून गेला, "तातू, तू सगळ्यांकडे जातस. तुज्या घराक कोण येता रे?"

आबाच्या मनात काही नव्हतं, त्याला टोचून बोलायची सवयच होती. पण तातूनं रिकाम्या गोणपाटाची नीट घडी घातली. मग म्हणाला, "ह्या मे म्हयन्यात येतले. सगळे येतले."

आणि त्यानं खरोखरच मनावर घेतलं. कोल्हापूर, बेळगाव, पणजी, जिथं जिथं जेवलो होतो तिथं तिथं त्यानं पत्रं टाकली. आंबे-फणसांचे दिवस आहेत, समुद्र आहे, किल्ला आहे, घर आपलंच आहे. घराला चुना काढला. माझ्याकडून दोन गाद्या नेल्या, वसंताकडून दोन. न्हाणीला दार बसवून घेतलं. इतकी वर्षं तिथं गोणपाटाचा पडदा होता, कारण एकट्याला दार लावायचं ते कोणापासून. दुकानात कोणी फोटो घेऊन आला तर त्याला सांगायचा, "मे झाल्यार येवा. माज्याकडे पावणे येवचे आसत."

उत्तरं येऊ लागली. बेळगावकरांच्या घरी लग्न होतं. पणजीचे आजारी होते. उरले कोल्हापूरचे सामंत. त्यांनी मात्र सहकुटुंब येतो म्हणून कळवलं, दिवससुद्धा कळवला. त्या दिवशी तातू इस्त्रीचा सदरा घालून स्टँडवर गेला. सामानासाठी बैलगाडी सांगून ठेवली होती. घरी सुरमईचं तिखलं शिजवून तयार होतं. तातूला सुरमई परवडत नसे, हे बाजारात सगळ्यांना माहीत होतं.

कोल्हापूरची गाडी आली आणि रिकामी झाली. सामंत उतरले नाहीत. तातूनं गाडीत चढून मागच्या बाकड्यापर्यंत बघितलं. त्यांची रजा ऐनवेळी रद्द झाली होती. तसं कार्डही त्यांनी टाकलं होतं, पण ते दुसऱ्या दिवशी पोचलं. आम्ही समोरच्या हॉटेलात बसून हे सगळं बघत होतो. गाडीवानाला पैसे देऊन तातू रिकाम्या बैलगाडीच्या मागोमाग चालत घरी गेला. आम्हाला फार वाईट वाटलं. 

 बशीतला चहा संपवून आबा म्हणाला, "मी फाल्यां तातूकडे जातंय. रवाक."

"तुझं घर त्याच्या घरापासून हाकेवर आहे," मी म्हणालो.

"मगे? ट्रंक घेवन जातंय."

दुसऱ्या दिवशी कोल्हापूरची गाडी लागली तेव्हा आम्ही तिघे ट्रंका आणि वळकट्या घेऊन गाडीच्या मागच्या अंगाला उभे होतो. गर्दी उतरली, त्या गर्दीत आम्हीही पुढे आलो. तातू स्टँडवर होता. कार्ड मिळाल्यावरही तो आला होता. त्यानं आमच्याकडे बघितलं, ट्रंकांकडे बघितलं. हा माणूस आता हसतो की शिव्या देतो ते आम्हाला कळेना. मग तो पुढे झाला, आबाची ट्रंक हातात घेतली आणि म्हणाला, "प्रवास बरो झालो मा?"

"फोंड्याच्या घाटात जरा पोटात ढवळला," वसंता म्हणाला.

"ढवळताच थंय. चला, आंघोळीक पाणी तापलेला आसा."

पुढचे तीन दिवस आम्ही कोल्हापूरकर होतो. तातूनं आम्हाला आमचं मालवण दाखवलं. होडीतून किल्ल्यावर नेलं, पाण्यातल्या दगडांवर जपून पाय ठेवा म्हणून बजावलं. होडीवाला माझ्या शाळेतून पळून गेलेला विद्यार्थी. "मास्तर, तुमी?" असं तो म्हणाला, तर तातूनं त्याला गप्प केलं. "पावणे आसत. वायच कमी घे." मग आम्हाला बाजार दाखवला. आबाच्या दुकानासमोर आल्यावर आवाज खाली करून आबालाच सांगितलं, "ह्या दुकानातसून काय घेव नकात. माणूस बरो, पण काटो हलको." गल्ल्यावर आबाची बायको बसली होती. तिनं विचारलं, "घराक येवचा आसा की नाय?" आबानं पाहुण्यासारखे हात जोडले आणि पुढे चालू लागला.

घरात भिंतीभर तसबिरी होत्या. गिऱ्हाइकांनी करायला टाकून कधी नेल्याच नाहीत अशा. वसंतानं एका मिशाळ गृहस्थाकडे बोट दाखवून विचारलं, "हे कोण?"

"कोणाचो तरी बापूस," तातू म्हणाला. "न्हेवक कोण इलोच नाय. पडवीत किती दिवस ठेवतलंय? मगे हय लावलंय."

तो आम्हाला आग्रह करकरून वाढायचा. आंघोळीला जाताना कोरा टॉवेल हातात द्यायचा आणि दारापर्यंत पोचवायला यायचा. न्हाणीच्या दाराची कडी कशी लावायची ते आम्हा तिघांनाही त्यानं वेगवेगळं दाखवलं. सकाळी मी जागा झालो की तो स्वयंपाकघरात चार माणसांचा चहा टाकत स्वतःशीच काहीतरी गुणगुणत असायचा. इतक्या वर्षांत मी त्याला गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

चौथ्या दिवशी आम्ही निघालो. आम्हाला वाटलं, अंगणातून निरोप घ्यायचा आणि आपापल्या घरी जायचं. पण तातूनं सदरा चढवला. "स्टँडावर पोचवक येतंय. पावण्यांका असा वाटेर सोडूचा नसता."

त्यानं आम्हाला कोल्हापूरच्या गाडीत नेऊन बसवलं. ट्रंका टपावर चढवल्या. खिडकीतून शहाळी दिली. "पावल्यार कार्ड टाका," म्हणाला. गाडी हलली तरी तो हात हलवत उभाच होता. कंडक्टर आला तेव्हा आबानं मालवणच्या वेशीबाहेरच्याच कुंभारमाठची तीन तिकिटं मागितली. "कोल्हापूरच्या गाडीत कुंभारमाठ?" कंडक्टरनं विचारलं. आबानं त्याला कानात काहीतरी सांगितलं. तो मालवणचाच होता. त्यानं घंटी मारून गाडी थांबवली आणि टपावरच्या ट्रंका स्वतः खाली काढून दिल्या. तिकिटांचे पैसे आबानं दिले, आणि त्याबद्दल तो नंतर कधीही बोलला नाही. मेच्या उन्हात, ट्रंका डोक्यावर घेऊन, आम्ही मालवणपर्यंत चालत आलो.

संध्याकाळी रोजच्यासारखे आम्ही तातूच्या दुकानात जमलो. तातू काच कापत होता. वर न बघताच म्हणाला, "खंय होतास रे तीन दिस? माज्याकडे पावणे इल्ले. आजच गेले."

"कशी होती माणसां?" आबानं विचारलं.

"बरी. त्यांतलो एक रातभर घोरता." वसंतानं खाली बघितलं. तातूनं काच बाजूला ठेवली. "पण काय सांगू, घर भरलेला होता. सकाळी उठलंय तर कोणाचे तरी आवाज. आता तांच घर खावक येता रे."

 हे सगळं तो आम्हालाच सांगत होता, कारण सांगायला त्याला आमच्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं.