भिंतीतली सर्व्हिंग विंडो

गुरुदत्त प्रधानांचं डोंबिवलीतलं घर वडिलांच्या वेळचं. बैठं, कौलारू, मागे अंधारं स्वयंपाकघर. सुमतीला, म्हणजे त्यांच्या बायकोला, फक्त एक उभ्याचा ओटा हवा होता. पण एकोणनव्वद साली गुरुदत्त वागळे इस्टेटमधल्या सहकाऱ्याच्या नव्या ब्लॉकवर चहाला गेले. तिथली गृहिणी भिंतीतल्या खिडकीतून पोह्यांच्या बशा थेट डायनिंग टेबलावर सरकवत होती. गुरुदत्त घरी आले ते ग्राफपेपर घेऊनच.

स्वयंपाकघर मागच्या अंगणात पाच फूट पुढे गेलं. ओटा झाला, वर पांढऱ्या टाइल्स लागल्या. शेवटी टिटवाळ्याचा गुणाजी गवंडी हॉलच्या भिंतीपाशी छिन्नी घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, भिंत चांगली हाय. फोडू नक्की?"

जमाना बदललाय, असं गुरुदत्तनी त्याला समजावून सांगितलं.

त्या भिंतीचे उपकार घरात फक्त त्यांनाच माहीत होते, आणि नेमके तेच ते विसरले. भिंतीच्या अलीकडे आरामखुर्चीत त्यांच्या आई, सरस्वतीबाई. गुडघ्यांमुळे मुक्काम तिथेच. पलीकडे सुमती. लग्नाच्या पहिल्याच वर्षी लोणच्यावरून दोघींचं बिनसलं होतं, तेव्हापासून बोलणं जेवढ्यास तेवढं. बाकी सगळा कारभार गुरुदत्तमार्फत. आई म्हणायच्या, हा चहा आहे की काढा, विचार तिला. गुरुदत्त आत जाऊन सांगायचे, आईला चहा आवडला. सुमती म्हणायची, बसल्या जागी नावं ठेवायला काय जातंय. ते बाहेर येऊन सांगायचे, अजून अर्धा कप हवा का विचारतेय. घरात चौदा वर्षं शांतता होती. (ऑफिसात त्यांच्या हाताखाली कोणी नव्हतं. सांभाळायला एवढंच खातं.)

खिडकी झाली त्या रविवारी मायलेक नव्या टेबलाशी जेवायला बसले. सुमती आत पोळ्या करत होती. आईंनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, आमटी अळणी आहे, घरातलं मीठ संपलंय का विचार.

गुरुदत्त सवयीने उठले, आत गेले आणि म्हणाले, "आई म्हणते, आमटी फक्कड झालीय. चिमूटभर मीठ मात्र दे."

"मी फक्कड कधी म्हटलं?" खिडकीतून आवाज आला.

सुमतीने लाटणं खाली ठेवलं. खिडकीत सासूबाईंचा चेहरा बरोबर चौकटीत बसला होता. मग सुमतीने शांतपणे विचारलं, "आई, तुम्हाला दुधी बाधतो ना?"

"मला? मला दुधी जीव की प्राण. तुलाच चालत नाही म्हणून चौदा वर्षं तोंडात घातला नाही."

गुरुदत्तना दुधी आवडत नसे. ते पोळ्यांच्या डब्याकडे बघत राहिले.

पुढचा तासभर जुनी प्रकरणं निघाली. रविवारी गुरुदत्तना बाजारात पाठवू नकोस, असा निरोप आईंनी सुमतीला कधीच दिला नव्हता. आईंच्या माहेरच्या माणसांना सुमती कंटाळलेली नव्हती. उलट ती माणसं का येत नाहीत, याचं तिला कोडं होतं. आमटी निवून गेली. लोणच्याचा विषय निघाला तेव्हा तर दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. गुरुदत्तना वाटलं, आता आपली धडगत नाही. पण त्यांच्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं.

त्या दिवसापासून दोघी खिडकीतून तासन्तास बोलू लागल्या. आई भाजी निवडून आत सरकवत, सुमती चव बघायला वाटी बाहेर देई. गुरुदत्त मधे उभे राहिले, तर जरा बाजूला व्हा, असं दोन्हीकडून ऐकू येई.

महिन्याभराने दोघींना त्यांची दया आली असावी. कौलं बदलून झाली होती आणि घराला बाहेरून रंग द्यायचा होता. दोघी खिडकीच्या दोन बाजूंना येऊन थांबल्या.

"अहो, रंग तुम्ही ठरवा," सुमती म्हणाली. "आमचं काही नाही. तुमच्या मनात जो असेल तो."

गुरुदत्तनी चष्मा काढून पुसला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना स्वतःचं मत विचारलं जात होतं. त्यांनी खूप विचार केला. मग घसा साफ करून म्हणाले, "आई म्हणते, पिवळा."