स्पंज केक आणि बॉल जॉइंट

नेव्हिलचा स्वतःच्या हातांवर जेवढा विश्वास होता, तेवढा त्याच्या बायकोचा, ग्लेनिसचा, देवावरही नव्हता. त्यामुळे मेव्हणा डेस गाडीखाली डोकावून म्हणाला, "पुढच्या चाकाचा, ड्रायव्हरच्या बाजूचा बॉल जॉइंट गेलाय, सोमवारी गॅरेजवर आण," तेव्हा नेव्हिल नुसता हसला. डेसकडून एक नवा जॉइंट आणि जुना खेचून काढायचा पुलर तेवढा मागून घेतला. सोमवारपर्यंत थांबायचं कुणाला होतं? ग्लेनिसचा स्पंज केक शनिवारी सकाळी ऑस्ट्रेलियातल्या डाल्बी गावच्या कृषी प्रदर्शनात, केकच्या स्पर्धेसाठी पोचायचा होता, आणि पुढचं चाक असं खडखडत होतं की केकच काय, दातही जागेवर राहिले नसते. दरवर्षी पहिलं बक्षीस शेजारची मॉरीन पटकावत होती. यंदा ते ग्लेनिसला हवंच होतं.

शुक्रवारी नेव्हिलने फोनवर एका अमेरिकन मेकॅनिकचा व्हिडिओ पाहिला. पठ्ठ्यानेही ड्रायव्हरच्याच बाजूचा जॉइंट काढला होता, तोही चहा गार व्हायच्या आत. नेव्हिलने बघून बघून गाडी घोडीवर चढवली, चाक उतरवलं, नट सोडवला आणि हातोडा हाणला. लगेच स्वयंपाकघराची खिडकी उघडली.

"स्पंज ओव्हनमध्ये आहे," ग्लेनिस म्हणाली. "दणका बसला की तो बसतो. आणि तो बसला, तर तू उभा राहणार नाहीस."

मग नेव्हिलने पुलर लावून गुपचूप स्क्रू पिळायला घेतला. गंजावर तेल मारलं, समजूत काढली, शिव्याही कुजबुजतच दिल्या. जॉइंट रुसलेल्या जावयासारखा जागचा हलेना. गेलेला जॉइंट इतका घट्ट कसा, असा प्रश्न दुसऱ्या कुणालाही पडला असता. (नेव्हिलला प्रश्न पडत नसत, हीच त्याच्या आत्मविश्वासाची गोम होती.) शेवटी पुलर तसाच ताणलेला ठेवून तो चवड्यांवर चालत चहा प्यायला आत आला.

कप ओठाला लागतो न लागतो, तोच बाहेर बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला.

"सुटला," नेव्हिल हर्षाने म्हणाला.

"बसला," ओव्हनच्या काचेतून बघत ग्लेनिस म्हणाली.

त्यानंतर नेव्हिल सायकलवरून अंडी घेऊन आला, मुकाट्याने ती फेटून दिली आणि नवा जॉइंट बसवला. दुसरा स्पंज असा फुगला की ग्लेनिसचा राग विरघळला. नवऱ्याने सगळं घरच्या घरी केलं, असं तिने डेसला फोनवर कौतुकाने सांगितलंसुद्धा.

शनिवारी ती गाडी चालवायला बसली आणि केक नेव्हिलच्या मांडीवर ठेवला. पहिल्याच खड्ड्यात चाक पूर्वीसारखंच खडखडलं. केक थरथरला. ग्लेनिसने गाडी कडेला घेतली.

"कुठला जॉइंट बदललास?"

"ड्रायव्हरच्या बाजूचा. व्हिडिओत होता तोच. डावीकडचा."

ग्लेनिसने स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. "नेव्ह, ही गाडी आत्ता कोण चालवतंय?"

"तू."

"आणि मी तुझ्या कुठल्या हाताला बसलेय?"

नेव्हिलने उजवीकडे पाहिलं. पहिल्यांदाच त्याला एक प्रश्न पडला, आणि तो विचारण्यात काही अर्थ नव्हता. तो केक घेऊन खाली उतरला आणि चालू लागला. मागून ग्लेनिस खडखडत, गोगलगायीच्या चालीने येत होती. मॉरीनची गाडी शेजारून गेली, तेव्हा त्याने आकाशात काहीतरी बघितल्यासारखं केलं.

स्पंजला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकबाई म्हणाल्या, इतका हलका केक एवढ्या लांबून तडा न जाऊ देता आणला म्हणजे तुमची गाडी फारच चांगली असणार.

"गाडीचं काही नाही हो," ग्लेनिस म्हणाली. "आमचा मेकॅनिक पायी आला."