कृपया गुपित मोठ्याने सांगावे

प्रजेचं ऐकून घेणं हे कोणत्याही चांगल्या सरकारचं पहिलं कर्तव्य आहे, याबद्दल शहाण्या माणसांत दुमत नाही. मागची सरकारं या बाबतीत फार कमी पडली. ती निवडणुकीपुरती ऐकायची, आणि तेही ऐकल्यासारखं करायची. सध्याच्या सरकारने मात्र हे काम मनावर घेतलं आणि लोकश्रवण खातं काढलं. प्रजा जेवताना, भांडताना, न्हाणीघरात गुणगुणताना आणि झोपेत बरळताना जे जे बोलते ते ते हे खातं ऐकून घेतं आणि जपून ठेवतं. (मध्येच तोंड घालत नाही. घरच्या माणसांनी शिकण्यासारखं आहे.) त्यासाठी घरोघरी, दुकानोदुकानी भिंतीत साबणाच्या वडीएवढी एकेक डबी बसवण्यात आली. डबीवर बारीक हिरवा दिवा होता. लोकांना तो आवडला. रात्री पाणी प्यायला उठलं की तेवढाच उजेड.

खात्याने पाहणी केली तेव्हा शंभरातल्या अठ्ठ्याण्णव नागरिकांनी 'आम्हाला लपवण्यासारखं काहीच नाही' असं छातीठोकपणे सांगितलं. उरलेल्या दोघांच्या बायका त्या वेळी घरात नव्हत्या.

चष्मेवाले त्या अठ्ठ्याण्णवांतले. चौकात त्यांचं चष्म्याचं दुकान होतं आणि त्यांना सगळे चष्मेवालेच म्हणत. दुकानातली डबी नेमकी अक्षरांच्या तक्त्याच्या वर बसवली होती. गिऱ्हाईक 'खालची ओळ दिसत नाही' म्हणालं की चष्मेवाले विचारत, "आणि वरचा हिरवा दिवा दिसतो का?" तो सगळ्यांना दिसायचा. शेजारचा चावीवाला कधीमधी कुरकुर करायचा की हे काही बरं नाही, माणसाचं खासगी म्हणून काही राहिलं नाही. त्यावर चष्मेवाले लेन्स पुसत म्हणायचे, "ऐकू दे की! सरकार म्हणजे परकं माणूस. परक्याला आपलं कळलं तर काय बिघडतं? घरातल्यांना कळलं तर बिघडतं."

आणि सरकारने नेमकं तेच केलं.

योजनेचं नाव होतं 'पारदर्शक आप्तेष्ट'. येत्या पहिल्या तारखेपासून प्रत्येक नागरिकाला, आपल्या माणसांनी आपल्या पाठीमागे आपल्याबद्दल काय काय म्हटलं ते, त्यांच्याच आवाजात, घरबसल्या, मोफत ऐकवण्यात येणार होतं. जनतेची माहिती जनतेलाच परत करतो आहोत, असं मंत्रिमहोदय म्हणाले आणि स्वतःच गहिवरले. (त्यांचा स्वतःचा समावेश राष्ट्रहितास्तव योजनेत नव्हता.)

योजनेचा परिणाम लगेच दिसून आला. फुलवाल्याची फुलं दुपारीच संपू लागली. वर्षानुवर्षं न बोलणारे भाऊ एकमेकांना फोन करून तब्येत विचारू लागले. एका सासूने सुनेला अंथरुणात चहा नेऊन दिला, तेव्हा सुनेने घाबरून डॉक्टरला बोलावलं. समाजात इतका गोडवा यापूर्वी कधीही नोंदवला गेलेला नाही.

चष्मेवाल्यांच्या घरी तर नुसता आनंदीआनंद होता. त्यांची बायको शाळेत भूगोल शिकवायची. ती म्हणाली, "अहो, मी एक तारखेला रजाच टाकलीय. दिवसभर ऐकत बसणार. आणि सगळ्यांत आधी तुमचं!"

"माझं काय ऐकायचंय त्यात?" चष्मेवाले म्हणाले, आणि डोळ्यांवरचा चष्मा काढून उगीचच पुसू लागले.

कारण त्यांना एक वाक्य आठवलं.

इथे त्यांच्या बायकोबद्दल थोडं सांगायला हवं. तिला विनोद सांगायचा भयंकर नाद होता. सांगता येत नसत, हा वेगळा भाग. "एक माणूस बँकेत जातो," ती सुरू करायची. "नाही, थांबा, बँकेत नाही, दवाखान्यात. आणि त्याच्याबरोबर मोर असतो. मोर मी आधी सांगायला हवा होता." मग तिला स्वतःलाच हसू फुटायचं, खांदे गदागदा हलायचे, आणि विनोदाचा शेवट त्या हसण्यातच कुठेतरी बुडून जायचा. तिच्या माहेरी विनोद सुरू झाला की माणसं भांडी घासायला उठत. लग्न ठरवायच्या पहिल्या भेटीत तिने मोठ्या माणसांदेखत असाच एक विनोद सांगितला. खोलीत एकदम शांतता पसरली. फक्त तिचे खांदे हलत होते. चष्मेवाल्यांना काही म्हणता काही कळलं नव्हतं, पण त्या शांततेत ते इतके गोंधळले की मोठ्याने हसले. ती तडक आत गेली आणि आईला म्हणाली, "हाच. आता दुसरा बघू नकोस." त्यानंतर बावीस वर्षं ती सांगत होती आणि ते हसत होते. अख्ख्या जगात आपला विनोद कळणारा एक माणूस आहे, आणि तो आपल्याच घरात आहे, याचा तिला केवढा अभिमान!

आणि मागच्या वर्षी दुकानात बसल्या बसल्या, हिरव्या दिव्याखाली, ते आपल्या साडूला म्हणाले होते: "खरं सांगू का? हिचा एकही विनोद मला आजपर्यंत कळलेला नाही. हिचे खांदे हलायला लागले की मी हसतो."

आता एक तारखेला ती हे ऐकणार होती. त्यांच्याच आवाजात. रजा टाकून.

पण सरकार इतकंही निष्ठुर नव्हतं. लोकभावनेचा आदर राखून त्याच इमारतीत, तळमजल्यावर, आठवड्याच्या आत गोपनीयता कक्ष उघडण्यात आला. ज्या नागरिकाला आपलं एखादं वाक्य पुसून हवं असेल त्याने यावं आणि पुसून घ्यावं. अटी सोप्या होत्या. कोणतं वाक्य पुसायचं हे खात्याला समजलं पाहिजे, म्हणून ते वाक्य शब्दशः सांगावं. कोणाला उद्देशून होतं ते संबंधितांच्या नात्यासह सांगावं. यंत्राला आवाज ओळखता यावा म्हणून मोठ्याने सांगावं. ते वाक्य खरोखर गुपित आहे याची खात्री पटवण्यासाठी ते ठाऊक असलेले दोन साक्षीदार आणावेत. आणि पुसण्यास कोणाची हरकत नाही ना, हे बघण्यासाठी ते ध्वनिक्षेपकावरून हजर जनतेला ऐकवण्यात येईल. काय गुप्त ठेवायचं हेच लोकांना माहीत नसेल, तर ते गुप्त ठेवणार कसं? विचार केला तर पटतं.

चष्मेवाल्यांना पटलं. अडचण एवढीच होती की गुपित फक्त साडूला ठाऊक होतं आणि साक्षीदार हवे होते दोन. तेव्हा त्यांनी दुपारी चावीवाल्याला बोलावलं, शटर अर्धं खाली ओढलं आणि गुपित सांगितलं. चावीवाला पोट धरून हसला. मग डोळे पुसत म्हणाला, "पण तुम्हीच म्हणायचात ना, लपवण्यासारखं काही नाही म्हणून?"

"नव्हतंच," चष्मेवाले म्हणाले. "म्हणून तर आता तुला सांगावं लागलं."

बायकोला त्यांनी सांगितलं, लेन्स आणायला जातोय. ती म्हणाली, बरं झालं, मलाही ताईकडे जायचंय.

कक्षाचा हॉल माणसांनी फुलून गेला होता. वातावरण एखाद्या समारंभासारखं होतं. लोक घरून डबे आणि बसायला सतरंज्या घेऊन आले होते, आणि काहींचं तर पुसायचं काहीच नव्हतं, ते नुसतेच हरकती घ्यायला आले होते. मधोमध काचेची खोली होती. तिच्यावर 'आवाजबंद' असं लिहिलं होतं, आणि ते अगदी खरं होतं: बाहेरचा आवाज आत जात नसे. आतला मात्र चारही कोपऱ्यांतल्या कर्ण्यांतून बाहेर येई. एक धिप्पाड गृहस्थ आत जाऊन आपल्या थोरल्या भावाच्या टकलाबद्दल काही बोलले, तेव्हा टाळ्या पडल्या. एका तरुणीने मैत्रिणीच्या नवऱ्याबद्दल दोन वाक्यं पुसून घेतली. तिसरं पुसायच्या आत मैत्रीण तिकडून उठून आली, आणि ते प्रकरण पुढे वऱ्हांड्यात निकाली निघालं.

चष्मेवाल्यांचा नंबर आला. एका बाजूला साडू, एका बाजूला चावीवाला. दोघं बाहेर थांबले, ते आत गेले. आत सुख होतं. कसलाही आवाज नव्हता. भिंतीवर पाटी होती: 'कृपया गुपित मोठ्याने सांगावे.' त्यांनी घसा साफ केला आणि सांगितलं. बायकोचे विनोद, खांदे, हसणं, सगळं. काचेपलीकडे माणसांची तोंडं उघडताना आणि बंद होताना दिसत होती. एक म्हातारे उठून हात हलवत होते. कक्षाच्या खिडकीवर बसलेल्या बाईंनी कळ दाबून आत निरोप दिला: "हरकत आली आहे. आजोबांना नीट ऐकू आलं नाही. पुन्हा सांगा, सावकाश."

त्यांनी पुन्हा सांगितलं. सावकाश.

दार उघडून बाहेर आले तर हॉल हसून हसून लोळत होता. साडू मात्र हसत नव्हता. तो डोळ्यांनी काहीतरी खुणावत होता. चष्मेवाल्यांनी तिकडे पाहिलं. तिसऱ्या रांगेत, एका बाजूला ताई आणि दुसऱ्या बाजूला शाळेतल्या चित्रकलेच्या बाई, अशी मधोमध त्यांची बायको बसली होती. तिच्या हातात नंबराचं कार्ड होतं. ती हसत नव्हती.

बावीस वर्षं हसून हसून जे सांभाळलं, ते चष्मेवाल्यांनी दोनदा, कर्ण्यावरून, साक्षीदारांसमक्ष घालवलं होतं. काहीतरी बोलायला हवं होतं. तेवढ्यात तिचा नंबर पुकारला गेला. ती उठली, त्यांच्याकडे न बघता त्यांच्यासमोरून गेली आणि काचेच्या खोलीत शिरली.

कर्ण्यातून तिचा आवाज आला. वर्गात शिकवायचा आवाज, स्पष्ट आणि खणखणीत.

"मी माझ्या बहिणीला म्हटलं होतं ते वाक्य असं: आमच्या ह्यांना माझा एकही विनोद कळत नाही गं. बिचारे नुसते माझ्या तोंडाकडे बघत बसतात. म्हणून मी शेवटी खांदे हलवते. म्हणजे त्यांना कळतं, आता हसायचं."

कोणीही हरकत घेतली नाही. आजोबांनाही या वेळी पहिल्याच खेपेस ऐकू आलं.

ती बाहेर आली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली. "लेन्स मिळाल्या का?" तिने विचारलं.

"ताई कशी आहे?" त्यांनी विचारलं.

तिचे खांदे हलायला लागले. हे हसणं की रडणं, हे बावीस वर्षांच्या अनुभवावरूनही चष्मेवाल्यांना ओळखता येईना. मग तिच्या तोंडून एक फुस्सकन आवाज आला, आणि त्यांना एकदम सगळं कळलं. काय कळलं ते विचारू नका, पण ते हसत सुटले, खुर्चीवर बसले, खुर्चीवरून घसरले, चष्मा पडला. आयुष्यात पहिल्यांदाच तिचा विनोद कळून ते हसत होते. तीही हसत होती आणि मध्येच म्हणत होती, "आणि तो मोर! तुम्हाला तो मोर तरी—" "नाही!" ते ओरडले. "मोर नाहीच कळला!"

थोड्या वेळाने हसू ओसरलं तशी चष्मेवाल्यांना कामाची आठवण झाली. ते खिडकीवर गेले. "बाई, आमची ती जुनी वाक्यं आता नका पुसू. राहू देत. घरी ऐकायला मजा येईल."

बाईंनी यंत्रात पाहिलं. "जुनं काही नाहीये तुमचं. आजचंच आहे."

"असं कसं? दुकानात डबी आहे ना! हिरवा दिवा लागतो."

"दिवा सेलवर चालतो हो. डबीला वायर लागते, ती यायची आहे. निविदा निघालीय नवव्यांदा."

"म्हणजे तुम्ही काहीच ऐकलं नव्हतं? कोणाचंच?"

"ह्या हॉलमध्ये ऐकलं ते," बाई म्हणाल्या. "सगळं इथलंच आहे. लोकांनी आपणहून येऊन, मोठ्याने सांगितलेलं. फार स्वच्छ आवाज येतो इथला."

"मग एक तारखेला ऐकवणार काय?"

"हेच."

"पण हे गोपनीय आहे ना?"

"हो तर," बाईंना जरा रागच आला. "प्रत्येक वाक्याच्या आधी 'गोपनीय' असं म्हणूनच ऐकवणार आहोत."

नवरा-बायको बाहेर आले तेव्हा रांग इमारतीला वळसा घालून रस्त्यापर्यंत गेली होती. चष्मेवाल्यांना राहवेना. ते रांगेला ओरडून म्हणाले, "अहो, घरी जा! त्यांना काही माहीत नाहीये! डबीला वायरच नाही!" रांगेने त्यांच्याकडे संशयाने पाहिलं. एकजण म्हणाला, "तुमचं काम झालं ना? मग आता आमचा नंबर मागे ढकलू नका." दुसऱ्याने आपल्या साक्षीदाराला घट्ट धरलं. चष्मेवाले आणि त्यांची बायको मग खांदे हलवत घरी गेली, आणि सुखाने राहिली. त्यांच्याबद्दल आता कोणालाच काही कळायचं उरलेलं नाही.

त्या रांगेतल्या लोकांना तुम्ही मनातल्या मनात भोळसट म्हणालात, ते योग्यच आहे. तुम्ही तसे नाही. फक्त मघाशी चष्मेवाल्यांना ते वाक्य आठवलं, तेव्हा तुम्हालाही आपलं एक आठवलं होतं. कोणाबद्दल होतं, कोणाला म्हणाला होतात, सगळं आठवलं, आणि तुम्ही घाईने पुढची ओळ वाचायला घेतलीत. ते पुसून टाकायचं असेल तर आता हॉलपर्यंत जायची गरज राहिलेली नाही. बसल्या जागीच, एकदा, मोठ्याने म्हणा.

वायर काल आली.